ट्रॅव्हर्स क्लोज होत नाही, बॅकसाइट चेक सारखा चुकतो: एरर नेमका कुठून येतोय हे कसं शोधायचं

टोटल स्टेशनवर (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं सर्व्हेचं मशीन) काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा त्रास कधी ना कधी होतोच. मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट ताजं असतं, कंट्रोल पॉइंट (आधीच कोऑर्डिनेट माहीत असलेले) पण बरे वाटतात, प्रत्येक सेटअपला बबल नीट बसवलेला असतो, आणि तरी शेवटी ट्रॅव्हर्स (एका स्टेशनवरून पुढच्यावर कोन-अंतर मोजत नेलेली साखळी) ३-४ सेंटीमीटरने उघडा राहतो किंवा नवीन स्टेशनवर गेलं की बॅकसाइटचा (मागच्या ज्ञात पॉइंटचा) चेक १५-२० मिमी दाखवतो. मग दोनपैकी एक होतं, सगळं परत मोजायचं किंवा ऑफिसमध्ये एरर सगळ्या लेग्जवर (दोन स्टेशनमधल्या बाजूंवर) वाटून टाकायचा आणि पुढे जायचं. माझं स्पष्ट मत आहे की ही दोन्ही कामं लगेच करू नयेत. परत मोजलं तरी कारण तिथंच आहे, तोच एरर पुन्हा येणार, आणि वाटून टाकला तर जे लेग्ज बरोबर होते ते पण बिघडले. एररला स्वतःचा एक स्वभाव असतो, तो अंतराबरोबर वाढतो का, दर शॉटला तेवढाच राहतो का, फक्त छोट्या लेग्जवर येतो का, दुपारनंतर येतो का, हे आधी बघायचं. त्यावरून कारण बहुतेक वेळा मशीन न उघडता कळतं.

पहिलं काम म्हणजे कोन आणि अंतर वेगळं करा. नुसता 'एवढा सेंटीमीटर आला' हा आकडा काही सांगत नाही. लूप (निघालो त्याच पॉइंटवर परत येणारा ट्रॅव्हर्स) असेल तर आतल्या कोनांची बेरीज करा, पाच बाजूंना ५४० अंश यायला पाहिजेत, n बाजूंना (n−२) गुणिले १८०. बेरीज चांगली बसतेय पण कोऑर्डिनेट बसत नाहीत तर संशय अंतरावर. बेरीजच बसत नाही तर कोनावर, म्हणजे सेंटरिंग (मशीन किंवा टार्गेट पॉइंटच्या बरोबर वर बसवणं), ट्रायपॉड, चुकीचा टार्गेट वगैरे. आता एक जुनी पण अजून तितकीच कामाची युक्ती. क्लोजिंग एररची दिशा काढा, म्हणजे जिथं पोचायला पाहिजे होतं आणि जिथं पोचलो त्या दोन पॉइंटमधल्या रेषेचा बेअरिंग (उत्तरेपासूनचा कोन). हा बेअरिंग एखाद्या लेगच्या बेअरिंगशी जुळत असेल तर त्याच लेगच्या अंतरात घोळ असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आणि कोनात एकच मोठी चूक असेल तर क्लोजिंग एररच्या रेषेच्या बरोबर मध्यातून तिला काटकोनात रेषा काढा, ती साधारण त्या स्टेशनकडे जाते जिथं कोन चुकला. दोन कंट्रोलच्या मधला ट्रॅव्हर्स असेल तर एकदा पुढून आणि एकदा उलट्या बाजूने कोऑर्डिनेट काढा, ज्या स्टेशनवर दोन्ही कॅल्क्युलेशन जवळ येतात तिथला कोन गुन्हेगार. हे एका स्टेशनवर एकच चूक असेल तरच चालतं, चार ठिकाणी थोडं थोडं बिघडलं असेल तर नाही, पण ते कळलं तरी शोध अर्धा झाला, कारण चार ठिकाणी थोडं थोडं म्हणजे सेंटरिंग नाहीतर ट्रायपॉड.

आता प्रिझम कॉन्स्टंट, म्हणजे प्रिझमप्रमाणे अंतरात लावायची ठराविक दुरुस्ती. हा एरर ओळखायला सगळ्यात सोपा, कारण तो ठराविक आकड्यांत येतो. ३० मिमी, ३४.४ मिमी, १७.५ मिमी, ४.४ मिमी असे फरक दिसले तर दुसरीकडे शोधायच्या आधी प्रिझम सेटिंग बघा. लायकाचा नेहमीचा गोल प्रिझम लायकाच्या मशीनमध्ये ० धरतात, पण तोच प्रिझम दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर लावला तर −३४.४ लागतो. लायकाच्या पद्धतीत मिनी प्रिझम +१७.५ आणि ३६० डिग्री प्रिझम +२३.१. इतर बरेच प्रिझम −३० चे असतात, आणि काही होल्डर असे असतात की प्रिझम एका बाजूने बसवला तर ०, उलटा बसवला तर −३०, आणि साफ करताना कुणीतरी काढून उलटा बसवतो. आता लायकाचा गोल प्रिझम दुसऱ्या मशीनवर −३० सेटिंग ठेवून मारला तर फरक फक्त ४.४ मिमी, हा इतका छोटा आहे की महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही, सगळे म्हणतात मशीन थोडं 'ढिलं' झालंय. अजून एक, कॉन्स्टंट मशीनमध्ये पण टाकला आणि कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये पण टाकला तर तो दोनदा लागतो. एकाच ठिकाणी ठेवा आणि दुसरीकडे शून्य, आणि कुठल्या ठिकाणी ठेवलाय हे पूर्ण टीमला माहीत पाहिजे.

शंका असेल तर मैदानात तपासता येतं, बेसलाइन (आधीच अचूक मोजलेली रेषा) लागत नाही. सपाट जागी एका सरळ रेषेत अ, ब, क असे तीन पॉइंट घ्या, ट्रायपॉड लावून. अ ते ब, ब ते क आणि अ ते क ही तिन्ही अंतरं त्याच प्रिझमने, त्याच सेटिंगवर मोजा. अब आणि बक ची बेरीज अक पेक्षा जेवढी जास्त आली तेवढं प्रत्येक अंतर जास्त येतंय, कमी आली तर तेवढं कमी. कारण बेरजेत कॉन्स्टंट दोनदा आला आणि अक मध्ये एकदा. प्रत्येक अंतर चार-पाच वेळा मोजून सरासरी घ्या, नाहीतर २ मिमी शोधताना मोजणीचाच २ मिमी मध्ये येईल.

इथं एक गोष्ट जरा थांबून समजून घ्या कारण अनुभवी लोकांची पण यात फसगत होते. लूप क्लोज झाला म्हणजे अंतरं बरोबर आहेत असं अजिबात नाही. आयताकृती लूप घ्या, चारही बाजू ३० मिमीने जास्त मोजल्या, समोरासमोरच्या बाजू एकमेकींना खाऊन टाकतात आणि क्लोजर शून्य येतं. स्केलचा एरर तर कुठल्याही आकाराच्या लूपमध्ये दिसतच नाही, पूर्ण आकृती थोडी मोठी किंवा छोटी होते पण बंद होतेच. म्हणून ज्या पॉइंटवरून निघालो त्याच पॉइंटवर येऊन 'एक लाखात एक' वगैरे रेशो काढून खूश होण्यात अर्थ नाही. एका ज्ञात जोडीवरून निघून दुसऱ्या ज्ञात जोडीवर बंद करा, आणि ते जमत नसेल तर निदान एक लांब ज्ञात अंतर मध्ये कुठेतरी तपासा.

आता अंतराबरोबर वाढणारा एरर. बॅकसाइट १०० मीटरवर असताना फरक ४ सेमी, २५० मीटरवर १० सेमी, असं दिसलं तर ते मशीन नाही, प्रिझम नाही, ते ग्रिड (नकाशावरचं अंतर) आणि ग्राउंडचं (जमिनीवरचं अंतर) भांडण आहे. कंट्रोल पॉइंट जीएनएसएसने (उपग्रहांवरून) घेतलेले, कोऑर्डिनेट यूटीएममध्ये (नकाशाची एक ग्रिड पद्धत), आणि टोटल स्टेशन मात्र जमिनीवरचं खरं अंतर देतंय. यूटीएमचा स्केल फॅक्टर सेंट्रल मेरिडियनवर ०.९९९६ असतो, म्हणजे १ किमीला ४० सेमी कमी, आणि तिथून साधारण १८० किमी बाजूला गेल्यावर तो १ होतो. वर उंचीचा परिणाम वेगळा, एलिप्सॉइडपासून (पृथ्वीचा गणिती आकार) ५०० मीटर उंचीला अजून साधारण ७८ पीपीएम (दहा लाखात ७८ भाग), म्हणजे १०० मीटरला ८ मिमी. उपाय एकच, काम ग्रिडवर करायचं का ग्राउंडवर हे सुरुवातीलाच ठरवा आणि कंबाइंड फॅक्टर (स्केल आणि उंची दोन्हींचा मिळून) एकाच जागी लावा. हा पण दोनदा लागलेला मी बघितलाय, मशीनमध्ये स्केल चालू आणि सॉफ्टवेअरमध्ये पण ग्रिड कोऑर्डिनेट सिस्टिम निवडलेली, मग फरक दुसऱ्या दिशेने येतो आणि लोक गोंधळतात.

हवेचा पीपीएम हा याच्याच घरातला पण खूप छोटा. तापमानात १ अंशाचा फरक म्हणजे साधारण १ पीपीएम, दाबात ३-४ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे पण साधारण १ पीपीएम. तापमान २० अंशांनी चुकीचं टाकलं तर ३०० मीटरवर ६ मिमी. समुद्रसपाटीचा दाब तसाच ठेवून १००० मीटर उंचीवर काम केलं तर ३०० मीटरला जवळजवळ १ सेमी. छोट्या साइटवर याने झोप उडवायची गरज नाही, लांब लेग्ज असतील तर सकाळी आणि दुपारी टाका, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता खरा चोर, सेंटरिंग. माझ्या बघण्यात दर वेळी परत येणारे जे एरर असतात त्यातले बहुतेक इथं सापडतात, आणि लोक सगळ्यात शेवटी इथं बघतात कारण 'बबल तर बरोबर होता'. हिशोब बघा. टार्गेट ३ मिमी बाजूला आहे. बॅकसाइट २०० मीटरवर असेल तर कोनात ३ सेकंदाचा फरक, काही बिघडलं नाही. ५० मीटरवर असेल तर १२ सेकंद. २० मीटरवर असेल तर ३१ सेकंद. आणि आता त्या २० मीटरच्या बॅकसाइटवरून तुम्ही २०० मीटर पुढे शॉट घेतला की तिथं ३० मिमी बाजूला गेलात. मशीन २ सेकंदाचं असो की १ सेकंदाचं, याला ते काही करू शकत नाही. त्यामुळे छोटा बॅकसाइट घेऊन लांब फोरसाइट (पुढच्या पॉइंटचा शॉट) मारणं हे शक्यतो करूच नका, आणि जागेमुळे करावंच लागलं तर त्या एका सेटअपला दुप्पट वेळ द्या.

हेच आरटीके (जीएनएसएसने जागच्या जागी घेतलेल्या) पॉइंटच्या जोडीला पण लागू आहे. दोन पॉइंट ५० मीटरवर घेतलेत, प्रत्येकात १० मिमीची चूक आणि ती उलट दिशांना पडली, तर अझिमथ (त्या जोडीची दिशा) ८२ सेकंदांनी फिरला, २०० मीटरवर ८ सेमी. दोन्ही पॉइंट फिक्स सोल्युशनचे असतात, स्क्रीनवर सगळं हिरवं असतं, आणि ट्रॅव्हर्स मात्र दुसऱ्या टोकाच्या कंट्रोलला जुळत नाही. ओरिएंटेशनसाठी आरटीकेची जोडी घ्यायची असेल तर साइट परवानगी देईल तेवढी लांब घ्या, आणि वेगवेगळ्या वेळी दोनदा घेऊन सरासरी लावा.

सेंटरिंग बिघडतं कुठं? आधी प्लमेट, म्हणजे मशीन खालच्या पॉइंटच्या बरोबर वर आहे का ते दाखवणारी सोय. लेझर प्लमेट मशीनमध्ये असेल तर लेव्हल करून मशीन हळूहळू पूर्ण फिरवा आणि जमिनीवरचा ठिपका बघा. ठिपका जागेवर राहिला तर ठीक, तो छोटं वर्तुळ काढत असेल तर वर्तुळाचा निम्मा व्यास हा तुमचा सेंटरिंग एरर, ४ मिमीचं वर्तुळ म्हणजे २ मिमी. प्लमेट ट्रायब्रॅकमध्ये (ट्रायपॉडवरची, मशीन किंवा प्रिझम बसवायची लेव्हलिंगची बैठक) असेल तर तो मशीनबरोबर फिरत नाही, त्याला वेगळी रीत. ट्रायपॉडच्या डोक्यावर ट्रायब्रॅकच्या बेसची बाहेरची रेघ पेन्सिलने काढा, लेव्हल करून खाली पॉइंट मार्क करा, मग स्क्रू सैल करून त्याच रेघेत १२० अंश फिरवून बसवा, पुन्हा लेव्हल, पुन्हा मार्क, अजून एकदा १२० अंश. तीन मार्क एकावर एक पडले पाहिजेत. नाही पडले तर त्रिकोणाचा मध्य हा खरा पॉइंट, आणि तो ट्रायब्रॅक ॲडजस्ट होईपर्यंत बाजूला ठेवा. ट्रायब्रॅकवर नंबर लिहा. एका किटमध्ये चार ट्रायब्रॅक असतात, त्यातला एक खराब असतो, आणि तो आज या स्टेशनवर उद्या त्या स्टेशनवर फिरत राहतो, म्हणूनच एरर 'कधी येतो कधी नाही' असा वाटतो. नंबर लिहून फील्डबुकमध्ये कुठला कुठं लावला ते टिपलं की दोन-तीन दिवसांच्या कामात तो आपोआप पकडला जातो.

मग पोल. पोलवरचा गोल बबल पडला, आपटला की हलतो आणि दिसायला तसाच दिसतो. २ मीटर उंचीवर प्रिझम आणि पोल १० मिनिटांनी कललेला, म्हणजे जवळजवळ ६ मिमी. तोच प्रिझम जमिनीपासून २० सेमीवर आणला तर अर्ध्या मिमीच्या आसपास. म्हणून बॅकसाइटला प्रिझम दिसेल तेवढा खाली ठेवा, हाताने धरू नका, बायपॉड (दोन पायांचा आधार) तरी लावा, ट्रॅव्हर्सच्या बॅकसाइटला खरं तर ट्रायपॉडच पाहिजे. बबल तपासायचा तर पोलचं टोक एखाद्या खड्ड्यात पक्कं बसवा, बायपॉडने बबल मधोमध आणा, मग पोल स्वतःभोवती १८० अंश फिरवा. बबल सरकला तर निम्मं बायपॉडच्या पायांनी आणि निम्मं बबलच्या स्क्रूने. पोल वाकलेला असेल तर बबल कितीही नीट करा उपयोग नाही, हे पण एकदा डोळ्याने पोलच्या कडेने बघून घ्या. हेल्पर पोल धरतो म्हणून चूक त्याच्यावर ढकलायची सवय असते, पण बबलच चुकलेला असेल तर तो बिचारा एकदम बरोबर धरतोय, चुकीच्या जागी.

शक्य असेल तिथं तीन ट्रायपॉडची पद्धत वापरा. मागचा, मधला, पुढचा, ट्रायब्रॅक जागेवरच लॉक राहतात, फक्त मशीन आणि प्रिझम अदलाबदल होतात. सेंटरिंगमध्ये थोडी चूक असली तरी मशीन आणि टार्गेट दोन्ही त्याच जागी बसले, त्यामुळे ती चूक ट्रॅव्हर्समध्ये पुढे वाहत जात नाही. सामान जास्त लागतं, उचलायला त्रास होतो, पण छोट्या लेग्जच्या कामात याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

फेस लेफ्ट फेस राइटबद्दल (दुर्बीण उलटी करून तोच टार्गेट दोन्ही बाजूंनी वाचणं) थोडक्यात. दोन्ही फेस घेतल्याने कोलिमेशन (दुर्बिणीच्या नजरेच्या रेषेचा एरर), ट्रनियन ॲक्सिसचा (दुर्बिणीच्या आडव्या अक्षाचा) कल आणि व्हर्टिकल इंडेक्स (उभ्या कोनाच्या शून्याचा एरर) निघून जातात. पण मशीन नीट लेव्हल नसल्याचा एरर त्याने जात नाही, ते काम कॉम्पेन्सेटरचं (मशीनचा थोडा कल आपोआप दुरुस्त करणारी सोय), आणि कॉम्पेन्सेटर बंद ठेवून काम करणारे लोक आहेत कारण वाऱ्यात तो सारखा मेसेज देतो. तसं करू नका. आणि सपाट जागेवर बॅकसाइट, फोरसाइट साधारण एकाच उंचीवर असतील तर कोलिमेशन एरर कोनातून तसाही वजा होतो, म्हणून ट्रॅव्हर्स उघडला की लगेच 'मशीन आउट आहे, सर्व्हिसला पाठवा' म्हणण्याआधी वरचं सगळं बघा.

एरर दिवसभरात हळूहळू वाढत असेल तर ट्रायपॉडकडे वळा. प्रत्येक सेटअपच्या शेवटी, मशीन उचलायच्या आधी, बॅकसाइट परत मारा. सुरुवातीला शून्य होता आणि आता १५ सेकंद आहे तर मशीन त्या वेळात हललंय, मधले शॉट कितपत वापरायचे ते तिथंच ठरवता येतं, ऑफिसमध्ये बसून नाही. कारणं साधी असतात. पायांचे बूट सैल, बिजागरी सैल, क्लॅम्प घसरतो, उन्हाने मऊ झालेल्या डांबरात पाय रुततात, एका बाजूने ऊन लागतं. बिजागरीची तपासणी अशी, पाय उघडून ट्रायपॉड डोक्याला धरून उचला, पाय उघडे होते तसेच राहिले पाहिजेत, आपोआप मिटले तर बोल्ट घट्ट करा. पीळ तपासायचा तर लांबचा टार्गेट धरा, ट्रायपॉडचं डोकं हाताने हलकं पिळून सोडा, क्रॉसहेअर परत त्याच जागी आलं पाहिजे. थंड गाडीतून उन्हात काढलेलं मशीन पण लगेच वापरू नका, तापमानातल्या फरकाच्या दर अंशाला साधारण २ मिनिटं धरतात, १० अंशांचा फरक असेल तर २० मिनिटं. तेवढ्यात बाकीचे ट्रायपॉड लावून होतात.

बॅकसाइट चेक म्हणजे काय याबद्दल पण गैरसमज आहे. स्क्रीनवर अंतराचा फरक २ मिमी आला की लोक ओके दाबतात. पण बॅकसाइटला कोन तर आपणच बसवला, तो चुकीचा असला तरी फरक शून्यच दाखवणार. अंतर जुळलं म्हणजे फक्त अंतर जुळलं, दिशा तपासलीच गेली नाही. दिशा तपासायला तिसरा ज्ञात पॉइंट लागतो, शक्यतो बॅकसाइटपेक्षा लांबचा आणि वेगळ्या दिशेचा. तो एक शॉट घेतला की पॉइंट नंबर चुकीचा निवडणं, खुणेचा खिळा हललेला असणं, ऑटो लॉकने दुसऱ्याच टीमचा प्रिझम किंवा रस्त्याचा रिफ्लेक्टर बोर्ड पकडणं, हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत बाहेर येतं. ज्यांना वेळ नाही त्यांनी दुसरं काही सोडा पण हा शॉट सोडू नका.

फक्त उंचीच चुकतेय आणि एक्स-वाय बरोबर आहे तर शोध छोटा आहे. अगदी गोल आकड्याची उडी, ५०० मिमी, २०० मिमी, म्हणजे पोल वर-खाली केला आणि कंट्रोलरमध्ये बदलला नाही, कुठल्या पॉइंटपासून उडी सुरू झाली ते बघा. छोटा पण कायमचा फरक असेल तर पोलचं टोक बदललंय का, स्क्रूवर सैल झालंय का, हाइट ऑफ इन्स्ट्रुमेंट टेपने तिरकी मोजली का. अंतराबरोबर वाढत असेल तर व्हर्टिकल इंडेक्स किंवा अर्थ कर्व्हेचर आणि रिफ्रॅक्शनचं करेक्शन बंद, १०० मीटरला ते अर्ध्या-पाऊण मिमीचं असतं पण ३०० मीटरला ६ मिमी आणि ५०० ला १७ मिमी होतं.

हे सगळं बघून झालं आणि तरी एरर तसाच असेल तर मशीन सर्व्हिसला द्या, पण नुसतं 'चेक करा' म्हणून नको. तीन पॉइंटच्या टेस्टचे आकडे, दोन्ही फेसचे रीडिंग, प्लमेटच्या वर्तुळाचा व्यास, कुठल्या अंतराला किती फरक येतोय, तेव्हाचं तापमान, हे एका कागदावर लिहून मशीनच्या पेटीत ठेवा. आणि मशीन जाताना ट्रायब्रॅक आणि प्रिझमही बरोबर पाठवा, सहसा फक्त मशीन जातं, ते ठीक निघतं, परत येतं, आणि खराब ट्रायब्रॅक साइटवरच वाट बघत बसलेला असतो.